भिंतीवर काय लावायचं ते सगळ्यात शेवटी: मिसळवाला, होमस्टे आणि सोसायटी हॉलसाठी इंटिरिअर

सिंहस्थ तोंडावर आलाय त्यामुळे नाशकात सध्या ज्याच्या त्याच्या डोक्यात काहीतरी चालू आहे, कुणी बंगल्याचा वरचा मजला होमस्टे करतोय, कुणी द्राक्षबागेच्या कडेला मिसळ सुरू करतोय, आणि आठवड्यातून एक फोन मला हमखास येतो, मॅडम, एका भिंतीवर वारली काढून द्याल का, बाकी सगळं झालंय आमचं. बाकी सगळं झालंय म्हणजे काय तर चकचकीत टाइल, पांढरा स्लॅब, पांढऱ्या ट्यूब आणि आत चार माणसं बोलली की विहिरीत बोलल्यासारखं घुमतंय. मग त्यात वारली काढा नाहीतर अजिंठा काढा, जागा मुकीच राहते.

मी इंटिरिअरचं काम बरीच वर्षं करतेय आणि चुका पण भरपूर केल्यात, त्यातून जो क्रम बसलाय तो इथं लिहितेय. हा क्रम हॉटेल, कॅफे, भक्तनिवास, वाचनालय, सोसायटीचा हॉल सगळीकडे चालतो, फक्त आकडे बदलतात.

पहिलं काम, रिकाम्या जागेत बसून राहा

खरंच सांगतेय, प्लास्टिकची खुर्ची आणि पाण्याची बाटली घेऊन एक अख्खा दिवस. सकाळी ८ ला, दुपारी, ४ वाजता आणि रात्री दिवे लागल्यावर. एप्रिल-मेमध्ये पश्चिमेची काच ४ वाजता तव्यासारखी तापते आणि नेमक्या त्याच काचेपाशी सगळ्यांना "व्ह्यू आहे" म्हणून टेबल टाकायचं असतं. पाऊस पण बहुतेक त्याच बाजूनं आत मारतो. पत्र्याचं छत असेल तर पावसाळ्यात एकदा जाऊन बसाच, श्रावणातली सर आली की समोरच्याचं फक्त तोंड हलताना दिसतं.

जागा घाटाच्या जवळ असेल, पंचवटीत किंवा जुन्या गावठाणात खालच्या अंगाला, तर आजूबाजूच्या जुन्या दुकानदारांना एकच प्रश्न विचारा, दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं की इथं येतं? नाशिककर गोदावरीचा पूर पात्रातल्या त्या मारुतीच्या मूर्तीवरच मोजतात. त्या उत्तराच्या वर सगळे प्लग पॉइंट घ्या आणि त्याच्या खाली प्लायचं काहीही करू नका, दगडी ओटा करा, लोखंडी पाय करा.

सार्वजनिक जागा असेल तर सोबत एक वेळापत्रक पण लिहून काढा, कोण कधी वापरतं. इंदिरानगरच्या एका सोसायटीत मला सांगितलं होतं की हॉल वाढदिवसासाठी लागतो. प्रत्यक्षात सकाळी योगा, दुपारी भजनी मंडळ, संध्याकाळी पोरांचा कॅरम, महिन्यातून एकदा बायकांची भिशी, श्रावणात मंगळागौर आणि सोसायटीची मीटिंग जी भांडणाशिवाय संपत नाही. वाढदिवस महिन्यात एखादा. हे आधी कळलं नसतं तर मी फुग्यांच्या बॅकड्रॉपसाठी स्टेज करून मोकळी झाले असते.

मग एक वाक्य, त्यात स्टाइलचं नाव नको

रस्टिक, बोहो, मिनिमल असले शब्द क्लायंट पिंटरेस्टवरून घेऊन येतात, त्यांना चहा द्या आणि ते शब्द बाजूला ठेवा. वाक्य असं हवं की त्यात माणूस काहीतरी करतोय. म्हणजे "एकटा आलेला माणूस इथं तासभर न अवघडता बसेल", किंवा "दहा जणांचं कुटुंब आलं तर आजी आणि नातू दोघांना जागा सापडेल". सोसायटीचं वाक्य ठरलं, "मागच्या रांगेतल्या काकांना पहिल्या रांगेतलं भांडण नीट ऐकू यावं." हसलो सगळे, पण पुढचे सगळे निर्णय त्याच वाक्यानं घेतले. कुणी नवीन काही सुचवलं की त्या वाक्याला विचारायचं, बसतंय का.

आता माणसं कुठून येतात, कुठं थांबतात

इथं जुन्या वाड्यांकडून शिकण्यासारखं खूप आहे आणि त्यासाठी खांब आणून चिकटवायची गरज नाही. वाड्यात रस्त्यावरून थेट घरात जाता येत नाही, आधी देवडी, मग चौक, मग ओसरी. ओसरीवर बसलेला माणूस आत पण असतो आणि बाहेर पण. आपल्या हॉटेलांमध्ये ही ओसरीच गायब झालीय, दार उघडलं की थेट गल्ला आणि गल्ल्यासमोर वेटिंगवाली गर्दी. दारापाशी ५ ते ६ फुटांची पट्टी मोकळी सोडा, थोडी अंधारलेली, वर छत जरा खाली, बसायला एक ओटा आणि चपला काढायच्या असतील तर त्यांना जागा. उन्हातून आलेल्या डोळ्यांना तिथं सावरायला वेळ मिळतो आणि मग आतली जागा आहे त्यापेक्षा मोठी वाटते.

दुसरी शिकवणी पांडवलेणीत, म्हणजे नाशिकजवळच्या बौद्ध लेण्यांत मिळते, फुकट. तिथल्या मोठ्या विहारात जाऊन बघा, तीन भिंतींच्या कडेनं दगडातच कोरलेली बैठक आणि मधला भाग पूर्ण मोकळा. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीचं हे प्लॅनिंग सोसायटी हॉलसाठी अजून कुणी सुधारलेलं नाही असं माझं मत आहे. भिंतीकडेनं १६ ते १८ इंच उंच, १८ इंच खोल ओटा करा, आत स्टोरेज घ्या, सतरंज्या आणि कॅरम आत जातात, मधे फुगडी पण होते आणि मीटिंग पण.

आकडे पटकन सांगते, हे वहीत लिहून ठेवा. टेबल ३० इंच उंच, बैठक १८ इंच, दोन्हीतला फरक १२ इंचांच्या आसपास, तो चुकला की जेवण चुकतं. माणशी टेबलाची २ फूट कड. वेटर जायची वाट किमान ३ फूट, मुख्य वाट ४ फूट. व्हीलचेअर वळायला ५ फुटांचं वर्तुळ, दार ३ फूट मोकळं. रॅम्प १ ला १२, म्हणजे ६ इंचाची पायरी असेल तर ६ फूट लांब रॅम्प लागतो. जागा नाही म्हणून ३ फुटात उरकतात लोक आणि मग त्या घसरगुंडीवर आजींना दोघंजण धरून चढवतात. आणि मिसळवाल्यांनो, कॅफेचं २ बाय २ चं टेबल घेऊ नका. ताट, पाव, दही, पापड, तर्रीचं भांडं, मठ्ठा, जिलेबी, दोन माणसांचं मावतच नाही त्यावर, पाण्याचा जग खाली जमिनीवर येतो.

हात धुवायचं बेसिन टॉयलेटच्या बाहेर काढा, दिसेल असं, आणि एक बेसिन पोरांच्या उंचीचं. तर्रीचे हात घेऊन टॉयलेटची कडी उघडायला लावणं बरं नाही.

आवाज, ज्याच्याकडे कुणीच बघत नाही

इथं जरा थांबते कारण माझी सगळ्यात मोठी चूक इथंच झालीय. सुरुवातीच्या काळात एका मिसळवाल्याचं काम केलं, पत्र्याचं छत, खाली पॉलिश टाइल, एका भिंतीला आरसे, फोटो एकदम झकास आले. पहिल्याच रविवारी मालकांचा फोन, "ताई, पोरं ऑर्डर चुकवतायत, ऐकूच येत नाही काही." जाऊन बघितलं तर लोक एकमेकांवर ओरडत होते, कारण शेजारचे ओरडत होते, कारण त्यांच्या शेजारचे ओरडत होते. पंधरा मिनिटात माझंच डोकं दुखायला लागलं.

यामागचं शास्त्र सोपं आहे आणि जुनं आहे. अमेरिकेत हार्वर्डमध्ये १८९५ च्या सुमारास वॉलेस सॅबाईन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे एक लेक्चर हॉल सोपवला होता, ज्यात बोललेलं काही कळायचं नाही. त्यानं काय केलं तर रात्री-अपरात्री शेजारच्या थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायच्या, हॉलमध्ये ठेवायच्या, आवाज किती वेळ घुमतो ते मोजायचं आणि सकाळच्या आत परत नेऊन ठेवायच्या. त्यातून जे सूत्र निघालं ते आजही वापरतात. माप मीटरमध्ये घ्यायचं, खोलीचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले खोलीतलं एकूण शोषण, की घुमण्याचे सेकंद मिळतात. शोषण म्हणजे प्रत्येक पृष्ठभागाचं क्षेत्रफळ गुणिले तो किती आवाज गिळतो त्याचा अंक, आणि सगळ्यांची बेरीज. उघडी खिडकी सगळा आवाज गिळते म्हणून तिचा अंक १, प्लॅस्टर आणि टाइलचा ०.०२ ते ०.०३, म्हणजे जवळजवळ काहीच नाही.

आता हिशोब करून बघू. १२ मीटर लांब, ८ रुंद, ३.५ उंच हॉल. घनफळ ३३६. भिंती, जमीन, छत मिळून ३३२ चौरस मीटर, सगळं टाइल-प्लॅस्टर, म्हणून शोषण साधारण १०. सूत्रात टाका, ५.४ सेकंद. बोलणं नीट कळायला हवेत १ सेकंदाच्या आसपास. ४० माणसं आत आली तर प्रत्येकी ०.४५ धरून १८ वाढले, २८ झाले, तरी जवळजवळ २ सेकंद. अजून २६ लागतात. आवाज शोषणाऱ्या चांगल्या पॅनेलचा अंक ०.८ ते ०.९ असतो, म्हणजे ३० चौरस मीटर पॅनेल, म्हणजे छताचा एक तृतीयांश भाग. एवढंच. सगळं झाकायची गरज नाही.

पॅनेल म्हणजे २ इंच जाडीचा रॉकवूलचा, म्हणजे दगडाच्या तंतूंच्या लोकरीचा स्लॅब, लाकडी चौकटीत, वर हवा जाईल असं कापड, खादी किंवा कॉटन, आणि मागे भिंतीपासून २ इंच पोकळी सोडायची. कापड रेक्झिन नको, त्यावर फुंकर मारून बघा, फुंकर आरपार गेली तर आवाज जाईल. अंड्यांचे ट्रे आणि थर्माकोल असले प्रकार करू नका, आवाज म्हणावा तसा शोषत नाहीत आणि आगीला खाद्य.

इंदिरानगरच्या त्या हॉलमध्ये मात्र गंमत झाली. छताला पॅनेल लावली तरी भिंतीवर थोडं कमी पडत होतं, बजेट संपलेलं, मी कापडाचे नमुने घेऊन भिशीत गेले तर एक आजी म्हणाल्या, "अगं बाई, ही फडकी कशाला विकत घेतेस, गोधड्या आहेत की पेटीत." दुसऱ्या रविवारी हॉलमध्ये अकरा गोधड्या आल्या. एकीत नऊवारीचे काठ होते, एकीत शाळेच्या युनिफॉर्मची खाकी, एका गोधडीच्या कोपऱ्यात लाल धाग्यानं छोटा चौकोन शिवलेला, तो उसवलेला भाग झाकायला होता असं त्या आजींनी सांगितलं, आणि धावदोरा इतका बारीक की मी बोट फिरवत बसले. रॉकवूलच्या चौकटींवर कापडाऐवजी त्याच ताणून बसवल्या. नुसती गोधडी भिंतीवर लटकवली तर फक्त वरचा चिरका आवाज कमी होतो, खालचा घुम्म तसाच राहतो, म्हणून मागे रॉकवूल आणि पोकळी हवीच. कडेला वेल्क्रो लावला म्हणजे काढून धुता येतात. आणि ७ फुटांच्या वरच लावल्या, खाली हळदीकुंकवाला समया लागतात.

आता त्या भिंतीसमोर उभं राहून लोक एकमेकांना सांगतात, ही अमक्यांची, ही तमक्यांची. भिंतीवर काय लावायचं हे शेवटी ठरवा म्हणते ते याचसाठी, कामातूनच ते निघतं बऱ्याचदा.

पत्र्याच्या छतालाही तोच उपाय, पत्र्याखाली इन्सुलेशनचा थर आणि त्याखाली बांबूची चटई किंवा वूडवूलचा, म्हणजे लाकडाच्या लांब तंतूंचा बोर्ड. पाऊस, ऊन आणि गोंगाट तिन्ही कमी होतात. त्या मिसळवाल्याकडे मी पुढे हेच केलं, आरसे काढले, माझ्या फीमधून.

दिवे घ्यायला तर्रीची वाटी घेऊन जा

बल्बच्या खोक्यावर दोन आकडे बघा. एक केल्विन, म्हणजे उजेडाचा रंग, जेवायच्या जागेला २७०० ते ३०००, अभ्यास-वाचनाला ४००० चालतं, ६५०० चा निळसर पांढरा उजेड दवाखान्याला ठेवा. दुसरा सीआरआय, रंग किती खरे दिसतात तो, ९० च्या वर हवा. त्यात पण आर-९ म्हणून लाल रंगाचा वेगळा आकडा असतो, तो स्वस्त एलईडीत फार कमी असतो आणि आपली तर्री नेमकी लाल. म्हणून मी दुकानात डब्यातून तर्री घेऊन जाते. दुकानदार हसतो, हसू दे. एका बल्बखाली ती लालबुंद दिसते, दुसऱ्याखाली गंजलेल्या पाण्यासारखी, आणि मग क्लायंटला काही समजवावं लागत नाही.

उजेड किती, तर तो लक्समध्ये मोजतात, टेबलावर १०० ते २०० लक्स पुरे, वाचनाच्या टेबलावर ३०० ते ५००. मोबाइलवर लक्स मोजायचं अॅप मिळतं, अंदाजापुरतं बरं आहे. लटकता दिवा टेबलापासून ३० इंच वर, नाहीतर डोळ्यात जातो. छताला एकसारखे बारा डाऊनलाईट ठोकू नका, त्यापेक्षा टेबलावर, ओट्याखाली, कोनाड्यात असा तुकड्यातुकड्यानं उजेड ठेवा. कोनाड्यात आतून लपवलेली पट्टी लावली की पणती ठेवल्यासारखी भिंत उजळते, हा मला सगळ्यात आवडता आणि सगळ्यात स्वस्त प्रकार आहे. हॉलमध्ये सर्किट तीन तरी वेगळी घ्या, भजनाचा उजेड आणि कॅरमचा उजेड एक नसतो.

मटेरियल, रात्रभर डाग पाडून बघायचे

शोरूममध्ये हात फिरवून काही कळत नाही. नमुन्याचे तुकडे घरी आणा, प्रत्येकावर तर्री, लिंबू, चहा आणि हळदीचं तेल टाका, रात्रभर ठेवा, सकाळी साध्या साबणानं पुसा. पांढरं मार्बल तिथंच बाद होतं. कोटा आणि शहाबादी फरशीवर लिंबाचा पांढुरका चट्टा उठतो कारण दोन्ही चुनखडीचे दगड आहेत, आंबट लागलं की पॉलिश खातं. जमिनीला तरी चालेल, टेबलाला नको. आपला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, ज्याचं काळाराम मंदिर आहे, तो आंबटाला दाद देत नाही, पण खरखरीत असतो आणि तेल पितो, टेबलाला वापरायचा तर सीलर मारा. हळदीचा डाग कापडावर पडला तर घाबरू नका, धुऊन उन्हात टाका, हळदीचा रंग उन्हानं उडतो. म्हणूनच भिंतीवर हळदीच्या रंगाचं कापड खिडकीसमोर लावू नका, त्याच कारणानं.

प्लाय घेताना बेसिनपाशी आणि किचनलगत आयएस ७१० चा, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचा शिक्का असलेला, बाकी कोरड्या भागात आयएस ३०३. मिस्त्री म्हणेल सगळा सारखाच असतो मॅडम. नसतो.

एकच गोष्ट मोठी करा

आता, एवढं झाल्यावर, भिंत. सगळीकडे थोडं थोडं नको, एक जागा निवडा जिथं आत येणाऱ्याची नजर आपोआप जाते आणि तिथंच खर्च करा. नाशकात तांब्या-पितळेची परंपरा आहे, भांडी बाजारात जाऊन बसा अर्धा दिवस. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीनं जे ठोके पाडतात त्याला मठारकाम म्हणतात, तेच काम गल्ल्यामागच्या ४ बाय ८ च्या पत्र्यावर करून घेतलं तर दिव्याखाली पाणी हलल्यासारखं दिसतं. आधीच ठरवा, चमकतं ठेवायचं की काळं पडू द्यायचं. चमकतं हवं तर लॅकर मारा, नाहीतर दर पंधरा दिवसांनी चिंच-मीठ घेऊन कोण घासणार त्याचं नाव लिहून घ्या.

वारलीबद्दल थोडं कडक बोलते. गेरू सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं काढलेला लग्नचौक ही त्यांच्या लग्नातली देवाची जागा, सवाष्णी काढतात, मधे पालघाट देवी असते. ते प्रिंट काढून टॉयलेटच्या पॅसेजमध्ये चिकटवलेलं मी बघितलंय. वारली हवी तर वारली कलाकाराला बोलवा, काय काढायचं ते त्याला ठरवू द्या, भिंतीच्या कोपऱ्यात त्याचं नाव येऊ द्या आणि पैसे चौरस फुटावर मोजू नका.

अक्षरांकडे पण लक्ष द्या, मेनूबोर्ड हीसुद्धा सजावटच आहे. मी १० फुटांवरून वाचायला दीड इंच अक्षर धरते, इंग्रजीपेक्षा जरा मोठं, कारण काना-मात्रा-वेलांटीला श्वास लागतो. हातानं लिहिणारा पेंटर अजून मिळतो, शोधा. आणि शुद्धलेखन आधी कागदावर तपासा, "मिसळ" चं "मीसळ" रंगवून झाल्यावर कुणी सांगितलं की मालक तुमच्याकडेच बघतो.

काम चालू असताना आणि नंतर

प्रत्येक गोष्टीचा एक खरा नमुना साइटवर उभा करा, एक टेबल, एक खुर्ची, एक दिवा, एक पॅनेल, आणि त्यावर खरोखर बसून जेवा. बजेटमधले १० टक्के बाजूला ठेवा आणि क्लायंटला सांगा की हे उघडल्यानंतरच्या दुरुस्तीचे आहेत, टाइल अपग्रेडचे नाहीत. ते मागतीलच, द्यायचे नाहीत.

उघडून महिना झाला की रविवारी गर्दीच्या वेळी जा आणि कुणाला न सांगता कोपऱ्यात बसा. खुर्च्या लोकांनी कुठं सरकवल्यात ते बघा, कुठल्या टेबलावर कुणीच बसत नाही, वेटर कुठून शॉर्टकट मारतो, कुठल्या भिंतीला पाय टेकून काळं झालंय. सोसायटीच्या हॉलमध्ये मी गेले तेव्हा ओट्याच्या एका कोपऱ्यावर, खिडकीपाशी, कुणीतरी घरून उशी आणून ठेवली होती. कारण विचारलं तर काका म्हणाले, "सकाळी पेपर वाचतो ना आम्ही इथं, उजेड चांगला येतो." माझ्या वेळापत्रकात पेपर नव्हता. दुरुस्तीच्या पैशातून तिथं एक वाचायचा दिवा, एक प्लग पॉइंट आणि चार उशा केल्या, आणि गोधड्या धुवायला दिवाळीच्या आधीचा रविवार ठरला, तेव्हा भिंतीवर दुसरा सेट चढतो, कारण पहिल्यांदा ज्यांच्या लागल्या नव्हत्या त्या बायका अजून माझ्याशी नीट बोलत नव्हत्या.